मेहुण्यांच्या मानेवरची पिचकारी

आमचे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, नळदुरुस्तीचं काम करायचे. नळ दुरुस्त करणारे जगात पुष्कळ आहेत. पण दुसऱ्याच्या घरी जाऊन, आतून कडी लावून, साबण फासून साग्रसंगीत आंघोळ केल्याशिवाय कामाला हात न लावणारा प्लंबर मी तरी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरी जावई म्हणून आला.

बिघडलेला शॉवर नुसता बघून त्यांना काही म्हणजे काही कळायचं नाही. किंवा कळत असेल, पण ते कबूल करायचे नाहीत. "शॉवर ही बघायची वस्तू नाही, घ्यायची वस्तू आहे," असं ते गिऱ्हाइकाला दारातच ऐकवायचे. वर म्हणायचे, "डॉक्टर काय भिंतीची नाडी बघतो का?" या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला आजवर उमगलेलं नाही, पण ऐकणाऱ्याची बोलती बंद व्हायची एवढं खरं. त्यांच्या पिशवीत तळाला पाने, पक्कड, वायसरची पुडी, जोडावर गुंडाळायची पांढरी टेप, आणि या सगळ्यावर घडी घातलेला टॉवेल, साबणाची डबी आणि कोरडे कपडे. सगळ्या पेठेत त्यांना 'आंघोळे मिस्त्री' म्हणत. नव्या लोकांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एका बाईंनी तर "तुमच्या आंघोळ्यांच्यात आमची एक आतेबहीण दिलीय," असं म्हणून नातंही काढलं होतं.

आत शिरले की ते तिथूनच ओरडून निदान सांगायचे. घरमालक बाहेर दाराला कान लावून उभा.

"डावा खांदा कोरडा!"

म्हणजे डावीकडची भोकं पाण्यातल्या क्षारांनी बुजली.

"पाठीला सुया टोचतायत!"

म्हणजे भोकं अर्धवट बुजली, त्यामुळे पाणी बारीक होऊन जोरात येतंय.

"बंद केला तरी टाळूवर थेंब पडतोय!"

म्हणजे नळाच्या आतला वायसर झिजला. आणि खरोखर तसंच निघायचं, बरं का. म्हणून तर लोक त्यांना बोलवायचे. काम चोख होतं, फक्त त्यासाठी एक अनोळखी माणूस आपल्या घरात न्हाऊन जातो एवढं सोसायची तयारी ठेवावी लागे.

सगळ्यांचीच ती नसे. एका वकिलांकडे हे आत आंघोळीला गेले, वकील कोर्टात गेले, आणि तेवढ्यात वकिलांच्या सासूबाई प्रवासाहून आल्या. बघतात तर न्हाणीघरातून एक ताडमाड पुरुष डोकं पुसत बाहेर येतोय. त्यांना वाटलं, हे जावयाचे थोरले भाऊ असणार. झालं! बाईंनी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. जावई वेळेवर जेवत नाही, मुलीला फिरायला नेत नाही, सासरच्या माणसांना साधा फोन करत नाही, सगळं गाऱ्हाणं यांच्यापुढे ओतलं. आमचे मेहुणे ओल्या केसांनी उभे, मान डोलावतायत. बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे. पण मूळ दोष वायसरमध्ये आहे."

बाईंनी ते जावयाला जसंच्या तसं सांगितलं म्हणे. "तुझा भाऊसुद्धा म्हणतो, मूळ दोष तुझ्यातच आहे."

आणि एकदा एका लॉजवाल्याने बोलावलं. सगळ्याच खोल्यांचे शॉवर बिघडलेले. दुसरा कुणी असता तर एक खोली बघून अंदाज बांधला असता. यांनी एकामागून एक प्रत्येक खोलीत आंघोळ केली, प्रत्येक वेळी साबणासकट. संध्याकाळी घरी आले ते शिंकतच. हातापायांची बोटं मनुकांसारखी सुरकुतलेली. माझ्या बहिणीने त्यांना दोन पांघरुणांत गुंडाळलं आणि म्हणाली, "अहो, साबण तरी कशाला लावायचा दर वेळी?"

"साबण उतरतो किती वेळात, त्यावरून दाब कळतो," हे पांघरुणातून म्हणाले.

एक दुखणं मात्र त्यांना धंद्यापायी जडलं होतं. आयुष्यभर वर बघून पाइप पिळायचे, त्यामुळे मान धरायची. मलम झालं, पट्टा झाला, शेकाची पिशवी झाली. शेवटी त्यांनी स्वतःच्या घरी नवा शॉवर बसवला आणि काही महिन्यांत मान हळूहळू मोकळी झाली. ते जो भेटेल त्याला सांगायचे, "माझ्या घरचा शॉवर एकदा बघा. मानेला असा शेक देतो की डॉक्टर झक मारतो." या शॉवरमुळेच पुढचं रामायण झालं.

आता बहिणीविषयी सांगतो. ती बालवाडीची बाई होती. त्या पेठेतल्या दोन पिढ्यांना हात धुवायला, नाक पुसायला आणि कानामागे साबण लावायला तिने शिकवलं. निवृत्त झाली, पण बाई काही अंगातून गेली नाही. आणि उंचीने, कसं सांगू, आमचं घराणंच बुटकं. गावच्या शाळेत उंचीप्रमाणे रांग लावली की आम्ही भावंडं कायम पुढे. गुरुजींची छडी आधी आमच्यापर्यंत पोचायची आणि खिरापत वाटताना रांग मागून सुरू व्हायची, असं आमचं नशीब. तर अशी ही बहीण आणि तो ताडमाड नवरा. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला पाटावर उभं केलं होतं, तरी तिचं डोकं मेहुण्यांच्या खिशाशीच आलं.

नवा शॉवर बसला त्या महिन्यापासून तिची तक्रार सुरू झाली. न्हाणीघराच्या दाराला आतून खुंटी, खुंटीवर टॉवेल. ती आंघोळ करून हात पुढे करायची तर टॉवेल चिंब. कधी कोरडे कपडेही भिजलेले. "अहो, तुमच्या शॉवरची एक धार वाकडी येते. माझ्या डोक्यावरून जाऊन दारावर बसते."

मेहुणे पिशवी घेऊन, आपल्याच घरात गिऱ्हाइकाकडे आल्यासारखे, आत गेले. न्हायले. बाहेर आले ते कोरडाठक टॉवेल नाचवत. "कुठे आहे धार?"

"मी न्हाते तेव्हा येते."

"शॉवर काय माणसं ओळखतो?"

पुढच्या वेळी तिने आतून हाक मारली. पण पाण्याच्या आवाजात ह्यांना हाक ऐकू जाईना, म्हणून तिने शॉवर बंद केला आणि मग ओरडली. हे धावत आले. शॉवर बंद, धार गायब. ती म्हणाली, "एकदा सुरू करून बाहेर उभे राहून बघा ना!" यांना ते कसलं रुचतंय? "बाहेर उभं राहून बघायला मी काय शिकाऊ आहे?" म्हणत पुन्हा स्वतःच पाण्याखाली उभे राहिले. पुन्हा टॉवेल कोरडा.

असं बरेच दिवस चाललं. टॉवेल भिजतोय, मेहुणे न्हातायत, टॉवेल कोरडा. आणि एक दिवस, दाराबाहेरच्या जिन्यात शेजारच्या काकू उभ्या असताना, मेहुणे वैतागून बोलून गेले, "शॉवरला काही झालेलं नाही. तुलाच आंघोळ नीट करता येत नाही!"

आता विचार करा. अख्ख्या पेठेला कानामागे साबण लावायला शिकवलेली बाई! आणि समोर त्या काकू, ज्यांची तिन्ही मुलं हिच्याच हाताखालून नाक पुसायला शिकलेली. ती आत गेली, बॅग भरली, ओला टॉवेल तसाच पिळून एका पिशवीत घातला आणि आमच्या घरी आली.

दारात उभी राहून तिने तो टॉवेल माझ्या हातात दिला. "दादा, हा बघ पुरावा."

"मी काय करू याचं?"

"वाळत घाल आधी. मग सांगते."

तिने जे सांगितलं ते असं. तिची लेक दूरच्या शहरात, नातू नुकताच रांगायला लागलेला, आणि लेक केव्हाची बोलावत होती की आई, ये आणि हा शाळेत जायला लागेपर्यंत राहा. इतके दिवस ही म्हणायची, ह्यांचं जेवणखाण कोण बघेल? आता म्हणाली, "ज्या दिवशी मी न्हाऊन बाहेर येईन आणि माझा टॉवेल त्या खुंटीवर कोरडा असेल, त्या दिवशी घरी जाईन. तोपर्यंत नाही. आणि रविवारपर्यंत झालं नाही तर रविवारच्या गाडीने लेकीकडे. तिकीट काढून झालंय."

माझ्या बायकोला नणंद आल्याचा केवढा आनंद! आणि माझे मात्र हाल सुरू झाले. मी पेपर उघडला की बहीण पुरवणी काढून घ्यायची. चहात साखर घातली की, "दादा, वयाकडे बघ." दुपारी मी घोरायला लागलो की दोघी येऊन मला कुशीवर वळवायच्या. एकदा मी कुरकुर केली तर बहीण म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट." आणि तुम्हाला सांगतो, माझं बोट आपोआप तोंडावर गेलं. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

मेहुणे रोज संध्याकाळी यायचे. दिवसभर घरचा शॉवर उघडायचे, नवं काहीतरी बदलायचे, स्वतः न्हायचे आणि कोरडा टॉवेल घेऊन हजर व्हायचे. बहीण आतल्या खोलीत. दार उघडंच, दोघं एकमेकांना चांगले दिसतायत, पण बोलणं माझ्या बायकोमार्फत.

"वहिनी, त्यांना विचारा, आज काय केलं."

"दाजी, आज काय केलंत, विचारतेय."

"वहिनी, तिला सांगा, वायसर बदलला, भिंतीतून येणारी नळी बदलली, सगळ्या जोडांना टेप मारली. आणि हा बघा टॉवेल! हात लावून बघा!"

बायकोने हात लावला. "कोरडा आहे ग."

"वहिनी, त्यांना विचारा, न्हायलं कोण?"

"मी!" मेहुण्यांनी परस्पर उत्तर दिलं.

"मग त्यांना सांगा, ते न्हायले म्हणून तो कोरडा आहे."

"म्हणजे काय? वहिनी, हिला म्हणावं, टोमणे मारू नकोस!"

तो टोमणा नव्हता हो. तेच निदान होतं. पण तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही, माझ्याही नाही.

शनिवारी सकाळी मेहुणे आले ते टॉवेल न घेताच. आत आले नाहीत, पायरीवरच बसले. मी जाऊन शेजारी बसलो. इतका उंच माणूस, पण पायरीवर बसून माझ्याएवढा झाला होता.

"काल एका गिऱ्हाइकाकडे गेलो होतो दादा," ते म्हणाले. "शॉवरखाली उभा राहिलो आणि काही सुचेचना. बाहेरून ते विचारतायत, मिस्त्री, काय वाटतं? आणि मी नुसताच भिजतोय."

"मग?"

"मग काय, अंग पुसून घरी आलो. घरात आवाज नाही हो. ती असते तेव्हा 'चपला सरळ ठेवा', 'दिवा बंद करा', सारखं चालू असतं. काल मी मुद्दाम चपला वाकड्या टाकल्या. कुणी काही बोललंच नाही." जरा वेळाने म्हणाले, "उद्या ती गेली तर नातू शाळेत जाईपर्यंत मी त्या चपलांकडे बघत बसू का?"

मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर माझ्या पेपरच्या पुरवणीचीही आली. मी म्हटलं, "चला, मी बघतो तुमचा शॉवर."

"तुम्ही? तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण न्हाता येतं."

घरी गेलो. मी कपडे खुंटीवर टांगले आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर शॉवरखाली उभा राहिलो. मेहुणे बाहेर दाराला कान लावून. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते दाराच्या त्या बाजूला होते.

"काय वाटतं?" बाहेरून आवाज.

"ओलं!"

"ते सोडा. खांदे बघा. पाठ बघा."

"सगळं भिजतंय. बरं वाटतंय की." आणि मी डोळे पुसून सहज समोर बघितलं तर माझ्या डोक्यावरून एक धार, पेन्सिलीएवढी जाड, सरळ दाराकडे चाललेली आणि माझ्या शर्टाच्या छातीवर धाड धाड आपटतेय! "अहो दाजी! धार! माझा शर्ट!"

मेहुण्यांनी दार उघडलं. खुंटी दाराबरोबर बाजूला फिरली आणि धार थेट त्यांच्या पोटावर बसली.

"दादा, पाणी काय उडवताय लहान मुलासारखं?"

"मी कशाला उडवू? माझे दोन्ही हात डोक्यावर आहेत!"

"सरका. तुम्हाला उभं राहायचं कसं ते कळत नाही." असं म्हणून ते कपड्यांनिशी आत आले, दार ओढून घेतलं, मला कोपऱ्यात ढकललं आणि शॉवरकडे पाठ करून उभे राहिले. धार गेली! दाराकडे पाण्याचा टिपूस नाही. "बघा," मेहुणे डोळे मिटून म्हणाले, "कुठे आहे? आहाहा. मानेला कसा शेक बसतो."

कोपऱ्यातून मला सगळं दिसत होतं. धार गेली नव्हती. ती मेहुण्यांच्या मानेवर बसत होती.

"दाजी, बाजूला व्हा."

"का?"

"व्हा म्हणतो ना!" मी दंड धरून ओढलं. धार सुटली आणि शर्टावर धाड. "आता परत या." आले. धार मानेवर. "परत बाजूला." शर्टावर. मग मला काही सांगावं लागलं नाही. ते आपले आपणच आत, बाहेर, आत, बाहेर करायला लागले, मान वळवून वळवून बघत. दोन म्हातारे, एक चड्डीवर, एक बुटांसकट, त्या एवढ्याशा जागेत. कुणी बघितलं असतं तर लेकीला फोन करून लगेच बोलावून घेतलं असतं.

शेवटी मेहुणे भिंतीला टेकले. "म्हणजे इतके दिवस मीच आडवा येत होतो?"

"तुम्ही."

"आणि तिच्या डोक्यावरून..."

"आमच्या घराण्याच्या डोक्यावरून पुष्कळ गोष्टी जातात, त्यातली ही एक."

"पण मला कळलं कसं नाही?"

"कळलं होतं की! गावभर सांगत होतात, मानेला शेक देतो म्हणून."

त्यांनी पाणी बंद केलं. शॉवरच्या डोक्याला फडकं गुंडाळलं, चकाकी खरवडू नये म्हणून, आणि पान्याने फिरवून ते काढलं. उजेडात धरलं तर काठावरच्या एका भोकात क्षाराचा पांढरा कण, भोकाच्या खालच्या अंगाला चिकटून बसलेला. खालची वाट अडली म्हणून पाणी वरच्या अंगाने तिरकं निघत होतं. डोळा न लावता कळणारी गोष्ट नव्हती ती, आणि डोळा लावायचा तर पाण्याबाहेर यायला हवं होतं.

त्यांनी वाडग्यात कोमट पाणी आणि व्हिनेगर घेतलं, त्यात ते डोकं बुडवून ठेवलं. बारीक बुडबुडे यायला लागले. मग टाचणी घेऊन एकेक भोक साफ करत गेले. त्या भोकाशी आले आणि थांबले.

"काय झालं?"

"दादा, ही धार गेली तर माझी मान परत धरेल."

"मग ठेवा तशीच. मान ठेवा, बायको लेकीकडे धाडा."

"तसं नाही हो..." टाचणी हवेतच. "समजा, टॉवेलाचीच जागा बदलली तर? खुंटी खिडकीशी मारतो."

"आणि तिला काय सांगाल? शॉवर सरळच होता, खुंटी वाकडी होती?"

मेहुण्यांनी माझ्याकडे फार वाईट नजरेने बघितलं. मग टाचणी आत घातली. कण टक्कन निघाला आणि वाडग्यात पडला. एवढासा, मोहरीपेक्षाही लहान. त्याच्यापायी मी आठवडाभर बिनसाखरेचा चहा प्यालो होतो.

डोकं परत बसवलं, पुन्हा मी खाली उभा राहिलो. या वेळी मेहुणे माझ्या बाजूला, पाण्याबाहेर, डोळे उघडे ठेवून. सगळं पाणी सरळ खाली. दार कोरडं. त्यांनी खुंटीवर कपाटातला हातरुमाल लावून पाहिला. कोरडा. पण त्यांनी टॉवेल उचलला नाही. म्हणाले, "आता पुरावा नको. तिलाच आणू."

आम्ही दोघं आमच्या घरी आलो आणि या वेळी ते माझ्या बायकोला मध्ये न घालता, थेट आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाले, "धार होती. मीच आडवा उभा होतो. चल, बघ."

बहिणीने चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं. बुटांपासून वरपर्यंत भिजलेले. "हे असे कपड्यांसकट न्हायलात?"

"हो."

"आणि साबण?"

"राहिला."

"मग काहीतरी खरं सापडलेलं दिसतंय," ती म्हणाली आणि उठली.

आम्ही चौघं त्यांच्या घरी. ती स्वतःचा टॉवेल घेऊन आत गेली, कडी लावली. बाहेर मेहुणे येरझाऱ्या घालतायत. पाण्याचा आवाज सुरू झाला. बराच वेळ चालला. मग थांबला.

"काय वाटतं?" मेहुण्यांनी विचारलं.

मग दाराला कान लावला.

"खांदे बघ! पाठ बघ!"

"अहो, तिला अंग तरी पुसू द्या!" माझी बायको म्हणाली.

दार उघडलं. बहीण आली, केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिने तो सोडला, एक टोक अंगाकेसांपुरतं ओलं, बाकीचा कोरडा, आणि त्यांच्या हातात दिला. मेहुण्यांनी तो दोन्ही हातांनी चाचपला. चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता टॉवेलालाच मिठी मारतात.

"कोरडा," ती म्हणाली. "पण मी अजून आलेली नाही."

"आता काय?"

तिने दाराकडे बोट दाखवलं. "जिन्यात जे बोललात ते जिन्यातच पडलंय अजून."

मेहुण्यांना उमगलं. ते बाहेर गेले आणि शेजारचं दार वाजवलं. काकू हातात लाटणं घेऊन आल्या. मेहुण्यांनी घसा खाकरला आणि त्यांचा न्हाणीघरातून ओरडायचा आवाज लावला, जो सगळ्या जिन्याला ऐकू जातो. "काकू! माझ्या बायकोला आंघोळ नीट करता येते!"

वरच्या मजल्यावर एक दार उघडलं. खालच्या मजल्यावर दुसरं.

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या. "छान झालं. तुम्हाला आजच कळलं का?"

"आजच!"

"आम्हाला माहीत होतं. आमच्या मुलांना तिनेच शिकवलीय." आणि दार लावून घेतलं. आतून त्यांचं हसणं मात्र आम्हाला बराच वेळ ऐकू येत होतं.

मेहुणे परत आले. बहीण तोवर स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवत होती. जाताजाता म्हणाली, "चपला सरळ ठेवा," आणि मेहुणे अक्षरशः धावत जाऊन चपला सरळ करून आले. मग दाराशी उभे राहून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग लेकीकडे... ते रद्द ना?"

"रद्द कशाला? उद्या जायचंय. नातवाला कबूल केलंय."

माणसाचं तोंड किती लांबू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या बायकोलाही ते बघवेना. "अग, टॉवेल कोरडा निघाला ना? मग आता तरी..."

"वहिनी, त्यांना सांगा, तोंड पाडू नका. कपडे भरा. तिकिटं दोघांची आहेत, आणि महिन्याने परतीचीही आहेत."

मेहुणे दारातून थेट आत आले. "दोघांची कधी काढलीस?"

"दादाकडे गेले त्याच दिवशी, वाटेत."

"त्याच दिवशी?" मेहुणे ओरडलेच. "आणि मग हा शॉवर दुरुस्त झालाच नसता तर?"

बहिणीने चहात साखर घातली, माझ्या कपात थोडी जास्तच.

"तर काय," ती म्हणाली, "गाडीत तुमच्याशी बोलले नसते."